आमच्याकडे तर दिसतात!

आमच्या मामांना त्यांच्या गावात नावाने कोणी ओळखत नाही. सगळे त्यांना ‘हलूनका’ म्हणतात. मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. वडिलांनी काढलेला फोटो स्टुडिओ त्यांनी पुढे चालवला, आणि गावातल्या बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी त्या गोल स्टुलावर बसवून, हनुवटी दोन बोटांनी वर करून, दरडावलं, “आता हलू नका!” लहान पोरं या आवाजाने रडायची. मग मामा त्यांच्या आयांना म्हणायचे, “रडका चेहरा घेऊन आलात, त्याला मी काय करू?”

फोटो बिघडला तर दोष मामांचा कधीच नसायचा. डोळे मिटलेले आले, तर तुम्ही मिटलेत. अंधुक आला, तर तुम्ही हललात. एका गृहस्थाचा अर्धा कान चौकटीबाहेर गेला होता. मामांनी फोटो हातात धरून शांतपणे सांगितलं, “कान जरा जास्तच बाहेर आहे तुमचा.” तो बिचारा घरी जाऊन आरशात बघत बसला म्हणे. पडलो तरी नाक वर, ही म्हण कुणी तरी मामांना बघूनच केली असावी, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे.

पण माणूस मायाळू. आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद करून टाकला, तेव्हा मामांनी एक गोष्ट मनात घेतली. ताई आता स्टुडिओत येऊ शकत नाही, तर स्टुडिओच ताईकडे जायला हवा. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत त्यांच्या वडिलांनी काढलेले घरचे फोटो होते. मामांनी ते एकेक करून पुसले, स्कॅन केले आणि त्यांची वेबसाइट करायला घेतली.

आता यात गंमत अशी, की मी पोटापाण्यासाठी हेच करते. आमच्या ऑफिसात दुकानदारांच्या वेबसाइट सांभाळायचं काम चालतं आणि माझा दिवस ‘फोटो दिसत नाहीये’ या एका वाक्याने उगवतो आणि मावळतो. चपलांच्या दुकानाचा फोटो दिसत नाही, पलंगांचा दिसत नाही, मालकाच्या सासऱ्यांचा दिसत नाही. मी मामांना म्हटलं, “मामा, मी करून देते की.” मामा म्हणाले, “तू कामात असतेस.” याचा अर्थ, मला येतं. त्यांनी लायब्ररीतून एक उशीएवढं जाड पुस्तक आणलं आणि आख्खा हिवाळा त्याच्यापुढे मान घालून बसले.

एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. तसा तो रोजच यायचा. ठरलेल्या वेळी फोन वाजणार, आई टीव्हीचा आवाज बंद करणार, आणि मग दोघं बहीणभाऊ हवा, गुडघे आणि शेजारीपाजारी या विषयांवर मनसोक्त बोलणार. त्या दिवशी मामांचा आवाज चढा होता. “ताई, उघड! मी पत्ता पाठवलाय, त्याच्यावर बोट ठेव आणि बघ!”

आईंनी टॅबलेट मांडीवर घेतला, चष्मा चढवला आणि बोट ठेवलं. मी मागे उभी होते. पान उघडलं. वर मोठ्या अक्षरांत ‘आमचं घर’. खाली ओळीने रिकामे चौकोन. प्रत्येकाच्या कोपऱ्यात फाटक्या कागदाचं इवलंसं चित्र आणि खाली मामांनी लिहिलेली ओळ. ब्राउझरला फोटो सापडला नाही की तो असा चौकोन दाखवतो, आणि फोटोखालची ओळ तेवढी उरते. त्यामुळे आईंनी आपल्या बालपणाचं जे दर्शन घेतलं ते असं होतं: ‘ताई, रुसलेली.’ त्याखाली, ‘ताई, परत रुसलेली.’ त्याखाली, ‘ताईने मोडलेली माझी सायकल.’

“फोटो कुठायत?” आई म्हणाल्या.

“समोर आहेत की!”

“समोर चौकोन आहेत. आणि चौकोनाखाली माझी निंदा आहे.”

“ताई, नीट बघ. मला तर इथे सगळे दिसतायत.”

“म्हणजे मी खोटं बोलतेय?”

“मी तसं म्हटलं का? तुझं वय झालं, यंत्र जुनं झालं…”

“माझं वय? तू काय पाळण्यात आहेस?”

मग सायकल खरी कुणी मोडली यावर गाडी आली. मग आजोबांचं घड्याळ निघालं, मग स्टुडिओ कुणामुळे चालला हे निघालं. आईंनी फोन दाणकन ठेवला. “फोटो लावलेच नाहीत त्याने,” त्या म्हणाल्या. “नुसतं मला चिडवायला केलंय. एवढं वय झालं तरी!”

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी ही दोन भावंडं. ठरलेली वेळ झाली की आई टीव्हीचा आवाज बंद करायच्या, मग थोडा वेळ फोनकडे बघायच्या आणि पहिल्यापेक्षा मोठा आवाज लावायच्या. जेवण कमी झालं. वॉकर घेऊन अंगणापर्यंत जाण्याचा व्यायाम त्यांनी बंद केला, आणि ‘कशाला’ हा एकच शब्द आमच्या घरात फार ऐकू यायला लागला. चहा करू का? कशाला. पडदा उघडू का? कशाला. माझा नवरा म्हणाला, “त्यांच्यात आपण पडू नये.” त्याच्या कानावर ते ‘कशाला’ फारसं पडायचं नाही, म्हणून त्याला हे सुचलं. मला रडू यायचं. ऑपरेशननंतर त्या बाईंनी जी उमेद धरली होती, ती त्या रोजच्या फोनवर उभी होती, हे मला तेव्हा कळलं.

मग मी ठरवलं की घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायचं. हे तर माझं रोजचं काम. टॅबलेटवर दुसरा ब्राउझर घातला, चौकोन. आधीचं साठलेलं सगळं पुसलं, चौकोन. कधी कधी डेटा वाचवण्याची सोय चालू असते आणि ती फोटोंना दारातच अडवते. तीही बघितली, बंदच होती. माझा फोन, नवऱ्याचा लॅपटॉप, ऑफिसातला कॉम्प्युटर, सगळीकडे तेच. ‘ताई, रुसलेली’ ऑफिसात सगळ्यांना पाठ झालं.

म्हणजे दोष आमच्याकडे नव्हता. मी मामांना फोन केला.

“मामा, ते फोटो कुठेच दिसत नाहीयेत.”

“इथे तर दिसतात!”

“मी ऑफिसातूनही बघितलं.”

“ऑफिसचं काय सांगतेस! अगं, आमच्या औषधवाल्याच्या फोनवर पण दिसत नव्हते. मी म्हटलं, ये इकडे, दाखवतो. आला, बसला, सगळे फोटो बघितले, चहा प्यायला. आता तो फोन बदलतोय.”

मी कपाळाला हात लावला. पुढे कळलं की नुसता औषधवालाच नाही. मामांनी गावभर सांगितलं होतं, आणि ज्याला ज्याला चौकोन दिसले तो तो मामांच्या स्टुडिओत जाऊन फोटो प्रत्यक्ष बघून आला होता. निवृत्त पोस्टमास्तरांनी आपलं कनेक्शन तोडून दुसऱ्या कंपनीचं घेतलं. शिवणकामवाल्या बाईंनी चष्म्याचा नंबर तपासून घेतला, आणि तो खरंच वाढलेला निघाला, त्यामुळे त्या मामांना दुवा देत होत्या. जगभर दिसावी म्हणून केलेली वेबसाइट बघायला लोक रांगेने मामांच्या घरी जात होते, आणि यात कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं!

“मामा,” मी म्हटलं, “मी येते रविवारी.”

“ये की. तुलाही दाखवतो.”

स्टुडिओ होता तसाच होता. पुढे काचेचं कपाट, मागे रंगवलेला पडदा, त्यावर एक तळं आणि गावात कुणी कधीच न पाहिलेले पांढरे पक्षी. कोपऱ्यात गोल स्टूल. खिडकीखाली कॉम्प्युटर, त्यावर विणलेलं आच्छादन, मामींनी केलेलं. मामी जाऊन बरीच वर्षं झाली, पण ते आच्छादन मामा आठवड्याला धुतात. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, सवयीने माझी हनुवटीही जराशी वर केली, आणि आच्छादन काढून कॉम्प्युटर चालू केला.

“ही बघ.” पडद्यावरच्या एका आकृतीवर त्यांनी दोनदा टिचकी मारली. पान उघडलं, आणि फोटो आले. सगळे. स्वच्छ, झगझगीत, एकामागून एक. एका क्षणात. मी बघतच राहिले. माझा स्वतःवरचाच विश्वास उडाला. आपण सगळेच आंधळे, आणि मामाच काय ते डोळस?

“हातच्या कांकणाला आरसा कशाला?” मामा म्हणाले.

मी खिशातून फोन काढला, तोच पत्ता उघडला आणि त्यांच्या पडद्याशेजारी धरला. चौकोन. मामांनी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

“फोन बदल,” ते म्हणाले.

खरं सांगते, मला राग आला. गरम डोक्याने मी पडद्याकडे बघत होते, म्हणूनच असेल, माझी नजर अगदी वर, पत्त्याच्या पट्टीवर गेली. तिथे वेबसाइटचा पत्ता नव्हताच. तिथे मामांच्या कॉम्प्युटरच्या डिस्कचं नाव होतं आणि पुढे फोल्डर. मामा जे उघडत होते, ते इंटरनेटवरचं पान नव्हतं. ते त्यांच्याच घरातलं पान होतं, त्यांच्याच डिस्कवरचं, आणि फोटो शेजारच्या फोल्डरमधून उचलत होतं. इंटरनेटवर पाठवताना त्यांनी नुसती पानं पाठवली होती. फोटो घरीच राहिले होते, आणि प्रत्येक पानात फोटोचा पत्ता म्हणून मामांच्या घरातली जागा लिहिलेली होती. आईंचा टॅबलेट बिचारा तो पत्ता घेऊन हिंडत होता आणि हात हलवत परत येत होता.

हे मी सांगितलं असतं तर मामांनी ऐकलं नसतं. माझ्या व्यवसायात मी एक शिकले आहे, की माणसाला त्याची चूक सांगण्यापेक्षा दाखवलेली बरी. मी उठले आणि कॉम्प्युटरच्या मागची इंटरनेटची वायर भिंतीतून उपटली.

“अगं! काय करतेस?”

“मामा, आता इंटरनेट नाही. बरोबर?”

“कसं असेल? तू काढलंस ना!”

“आता उघडा बरं तुमची वेबसाइट.”

ते फुरंगटूनच बसले आणि टिचकी मारली. पान उघडलं. फोटो आले. सगळे. स्वच्छ, झगझगीत.

मामांनी पान बंद केलं, पुन्हा उघडलं. माझ्या हातातल्या वायरकडे बघितलं. खाली वाकून कॉम्प्युटरच्या मागे बघितलं.

“मग हे येतायत कुठून?” शेवटी त्यांनी विचारलं. पण ते मला विचारत नव्हते.

“घरातूनच,” मी म्हटलं.

माझ्या ओठांवर ‘काखेत कळसा अन् गावाला वळसा’ आलं होतं. पण मामांचा चेहरा बघून मी ते गिळलं. इतक्या वर्षांत कुणीही न पाहिलेली गोष्ट तिथे दिसत होती. त्यांचे कान लाल झाले होते.

“म्हणजे ताईला खरंच दिसत नव्हते.”

“नव्हते, मामा.”

“आणि मी तिला म्हटलं, तुझं वय झालं.” ते स्टुलावर बसले, गिऱ्हाईक बसतं तसे, हात गुडघ्यांवर ठेवून. “आणि तिने नुसत्या ओळी वाचल्या असतील. फोटोशिवाय त्या ओळी… अगं, किती वाईट दिसत असेल ते!”

दुपारभर आम्ही ते निस्तरलं. म्हणजे मी शेजारी बसून सांगितलं आणि मामांनी केलं. माउसला मला हात लावू दिला नाही. आधी फोटोंचं फोल्डर वर चढवायचं. मग प्रत्येक पानात जाऊन घरचा पत्ता पुसायचा आणि नवा लिहायचा. एवढं होऊनही फोटो माझ्या फोनवर वरून खाली रेघ रेघ करत येत होते, कारण मामांनी ते भिंतीवर लावता येतील एवढे मोठे स्कॅन केले होते. मी म्हटलं, थोडे लहान करू. मामांनी मान ठाम हलवली. “बाकी कुणालाही कर. ताईला लहान करायचं नाही.” मग ताई ज्यात आहे ते फोटो तसेच ठेवले, आणि चुलते, आत्या, शेजारी यांना आटवलं.

“आता फोन करा,” मी निघताना म्हटलं.

“तूच सांग तिला. म्हणावं, काहीतरी तांत्रिक बिघाड होता.”

“मामा!”

“बरं, बरं. रोजच्या वेळेला करतो. तू पोहोचलीस की.” बस सुटेपर्यंत ते खिडकीखाली उभे होते, आणि उभे राहूनच ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. चूक कबूल करायची तालीम चालली असावी. सवय नव्हती ना.

घरी आले तेव्हा आई टीव्हीपुढे होत्या. मी काही न बोलता टीव्ही बंद केला आणि टॅबलेट त्यांच्या मांडीवर ठेवला. “कशाला?” त्या म्हणाल्या, आणि मग चष्मा चढवला.

‘ताई, रुसलेली’ होती ती: दोन वेण्या, गाल फुगलेले, आणि कडेवर मामा, तिच्याच एवढा जड, तिच्या वेणीचं टोक तोंडात घालून बसलेला. ‘ताई, परत रुसलेली’ मध्ये तो खाली उतरायला तयार नव्हता. आई एकेक फोटो बोटाने थांबवत, मागे घेत, पुन्हा बघत होत्या. हसत होत्या आणि मधेच चष्मा काढून पदराने पुसत होत्या. मला तोंडं दाखवत होत्या, हे बाबा, ही आमची आत्या, हा पडद्यावरचा पक्षी तेव्हा एकच होता.

मग एक फोटो आला. स्टुडिओतल्या त्या स्टुलावर बसवलेलं तान्हं बाळ. मागे नुसता काळा कपडा, टेकडीसारखा उंच झालेला, आणि त्या कपड्याखालून आलेली चार बोटं, बाळाच्या कमरेला घट्ट धरून. खाली मामांनी लिहिलं होतं, ‘मी. मागे ताई आहे, दिसत नाही.’

“बसता येत नव्हतं ना त्याला,” आई म्हणाल्या. “बाबा मला कापडाखाली लपवायचे आणि म्हणायचे, धरून ठेव, आणि अजिबात हलायचं नाही. आत श्वास कोंडायचा. एकदा शिंक आली होती, तीही गिळली.” त्यांनी आपली बोटं पडद्यावरच्या बोटांशेजारी ठेवून बघितली. “ठेवलाय त्याने हा. मला वाटलं, याला काय आठवणार.”

तेवढ्यात फोन वाजला.

आईंनी लगेच उचलला नाही. दोनतीनदा वाजू दिला. मग कानाला लावला, आणि मला पलीकडून मामांचा आवाज ऐकू यायला लागला. ते नेहमीच ओरडून बोलतात. “ताई, चूक माझी होती. शंभर टक्के माझी. फोटो माझ्या घरात ठेवून मी तुला जगात शोधायला लावत होतो. तू खरं बोलत होतीस.” एवढं एका दमात. मग जरा घाबरून, “आता दिसतायत ना गं? नीट दिसतायत?”

आईंच्या मांडीवर टॅबलेट उजळलेला होता. त्यावर ते बाळ होतं आणि ती चार बोटं. आईंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मला गप्प राहण्याची खूण केली.

“नाही रे,” त्या म्हणाल्या. “एकही नाही. अजून चौकोनच आहेत.”

पलीकडून माउसच्या टिचक्या ऐकू आल्या.

“हिला काही जमत नाही,” आई म्हणाल्या. “तूच येऊन बघ.”

स्टुडिओ एक दिवस बंद ठेवायचा म्हणजे मामांच्या जिवावर यायचं. इतक्या वर्षांत ते आमच्या घरी मुक्कामाला म्हणून एकदाही आले नव्हते. पण फोनमधून आवाज आला, “असं कसं? थांब, हात लावू देऊ नकोस कुणाला. उद्या पहिल्या बसने निघतो.”

आईंनी फोन ठेवला. वॉकर ओढला, उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, “आतल्या खोलीतल्या गादीवर चादर घाल. त्याला जाड उशी लागते.” दोन पावलं गेल्या आणि थांबल्या.

“अगं, ऐक. तो यायच्या आत हे पुन्हा बिघडवता येईल का?”

आख्खी नोकरी मी फोटो दिसावेत म्हणून केली. मी टॅबलेट उचलला, त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि विचारलं, “किती दिवस पुरेल असं बिघडवू?”